कोऱ्या कापडापासून फणसाच्या गाभ्यापर्यंत

भिवंडीच्या यंत्रमागांवरून उतरणारे बहुतेक कापड कोरे असते, व्यापारात त्याला 'ग्रे' म्हणतात, आणि ताण्याच्या सुताला दिलेली खळ धुऊन काढल्यावर व विरंजन झाल्यावरच ते रंगाच्या कुंडात जाते. तेथे चढलेला रंग पक्का ठरेल की पहिल्याच धुण्यात उतरेल, हे रंगाऱ्याच्या हातोटीइतकेच रंगद्रव्याच्या रेणूच्या बांधणीवर अवलंबून असते. भारतात या बांधणीच्या अभ्यासाला ज्यांनी भक्कम पाया दिला, त्यांत कृष्णस्वामी वेंकटरामन (1901–1981) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

मद्रासमध्ये जन्मलेले वेंकटरामन मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली सेंद्रिय रसायनशास्त्र शिकले. सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे कार्बनच्या संयुगांचे शास्त्र. शेतीतल्या 'सेंद्रिय' या शब्दाशी त्याची गल्लत होऊ नये. भारतात परतल्यावर लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन करत असतानाच त्यांच्या हातून ते काम झाले, ज्याला पुढे जगाने त्यांचे नाव दिले.

फुलापानांत आणि लाकडात आढळणाऱ्या अनेक पिवळ्या द्रव्यांचा सांगाडा फ्लेव्होन या संयुगाचा असतो. तो प्रयोगशाळेत बांधण्यासाठी प्रथम असा रेणू घेतात की ज्यात एक अणुगट ऑक्सिजनला जोडलेला असतो. अल्कली घालताच हा गट ऑक्सिजनला सोडून त्याच रेणूतल्या जवळच्या कार्बनला जाऊन बिलगतो, आणि नंतर आम्लाच्या साहाय्याने पाण्याचा एक रेणू बाहेर पडला की कडे जुळून फ्लेव्होन तयार होते. इंग्लंडमधील विल्सन बेकर यांनी आणि लाहोरमध्ये वेंकटरामन यांनी 1933-34च्या सुमारास ही पुनर्रचना स्वतंत्रपणे मांडली. 'बेकर-वेंकटरामन पुनर्रचना' या नावाने ती आजही पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते.

मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात ते 1934 साली आले आणि 1938 मध्ये त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले; माटुंग्याची ही संस्था आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून ओळखली जाते. 1957 पासून 1966 पर्यंत ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. प्रशासनाच्या व्यापातही त्यांचे संशोधन थांबले नाही. फणसाच्या लाकडाचा गाभा चिरल्यावर जो गर्द पिवळा रंग दिसतो, ज्याच्या काढ्यात बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगवली जात, त्यातील आर्टोकार्पिनसारख्या फ्लेव्होनवर्गीय द्रव्यांची रचना त्यांच्या पथकाने उलगडली. लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या, अळत्यात वापरल्या जाणाऱ्या लाल रंगातील लॅकाइक आम्लांचाही तपशीलवार अभ्यास याच प्रयोगशाळेत झाला. या कामात सहभागी असलेले त्यांचे विद्यार्थी ए. व्ही. रामाराव पुढे हैदराबादला औषधनिर्मितीच्या रसायनशास्त्रात अग्रणी ठरले.

तरीही वेंकटरामन यांची सर्वांत मोठी देणगी कोणती, असे विचारले तर पुनर्रचनेच्या आधी त्यांच्या ग्रंथाचे नाव घ्यावे लागेल. 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' या ग्रंथाचे पहिले दोन खंड 1952 मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाले, आणि ते त्यांनी एकट्याने लिहिले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जर्मन रंगकारखान्यांविषयी तयार केलेल्या अहवालांतील माहितीही त्यांनी या खंडांत सूत्रबद्ध केली. अनेक देशांतील तज्ज्ञांच्या साहाय्याने हा ग्रंथ 1978 पर्यंत आठ खंडांचा झाला, आणि कृत्रिम रंगांच्या शास्त्रात तो प्रमाण मानला गेला.

1972 चा सहावा खंड रिॲक्टिव्ह रंगांना वाहिलेला आहे. साधे डायरेक्ट रंग सुताला दुबळ्या आकर्षणाने चिकटतात, म्हणून धुताना हळूहळू सुटतात. 1956 मध्ये बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग मात्र कापसाच्या सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतात. रंगवून आलेल्या ताग्यावर ओले पांढरे फडके घासून डाग उमटतो का हे पाहतात. या रंगाचा न जुळलेला अंश नीट धुऊन काढलेला असला, तर ते फडके जवळजवळ पांढरेच राहते.