आजींच्या खोलीची खिडकी

गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवार पेठेतील एका जुन्या घरातून पहाटे सहाच्या सुमारास फोन आला. ८१ वर्षांच्या आजी रात्रभर असंबद्ध बोलत होत्या आणि आता हाकेला ओ देत नव्हत्या. मी पोहोचलो तेव्हा त्यांची जीभ कोरडी पडली होती, नाडी जलद चालली होती आणि अंग तापले होते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी नित्यनेमाने सुरू होती. पाणी मात्र दिवसाकाठी दोन-तीन पेले. घरच्यांना वाटले, ताप भरला असावा. मी सहज भिंतीला हात टेकला. सूर्य अजून वर आला नव्हता, तरी भिंत ऊन होती.

आजींना रुग्णालयात हलवले. शिरेवाटे द्रव दिल्यावर तिसऱ्या दिवशी त्या सुनेला नावाने हाक मारू लागल्या आणि पाचव्या दिवशी घरी परतल्या. परतल्या, पण कोठे? त्याच खोलीत. म्हणून त्या संध्याकाळी मी पुन्हा गेलो आणि वैद्यकीच्या व्यवसायात फारसा विचारला जात नाही असा प्रश्न विचारला, "या खोलीला पूर्वी खिडकी कसली होती?"

उत्तर गच्चीवर, ताडपत्रीखाली पडलेले होते. सागवानी चौकट, लोखंडी गज आणि चार झडपा. खाली दोन, वर दोन. दिवाळीपूर्वी घराची डागडुजी करताना ती काढून तेथे काचेची सरकती अॅल्युमिनियमची खिडकी बसवली होती. जुन्या माळवदाच्या जागी सिमेंटचा स्लॅब त्याआधीच आला होता. खोली पश्चिमेची. सून खजील होऊन म्हणाली, "डॉक्टर, आम्ही चांगल्यासाठीच केलं हो. धूळ येत होती, झडपा लागत नव्हत्या."

तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. सोलापुरातील बहुतेक जुन्या घरांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हेच घडले आहे. परंतु त्या घरांतील वृद्धांवर त्याचा परिणाम काय होतो, हे मात्र कोणी पाहत नाही.

आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंती जाड आणि माळवद मातीचे असे. माती दिवसा उष्णता हळूहळू शोषते आणि रात्री हळूहळू सोडते. स्लॅबही दिवसभर साठवलेली उष्णता रात्री खोलीतच सोडतो, मात्र पातळ असल्याने तो लवकर आणि अधिक तापतो. ही उष्णता बाहेर जायची असेल तर रात्रीची गार हवा घरातून खेळली पाहिजे. चार झडपांच्या खिडकीची खुबी येथेच आहे. खालच्या झडपा लावून घेतल्या की रस्त्यावरून आत दिसत नाही. वरच्या उघड्या ठेवल्या की छताजवळ साचलेली गरम हवा निघून जाते. रात्री चारही उघडल्या तर संपूर्ण चौकट मोकळी होते. दोन काचांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी तिचा अर्धा भाग बंदच राहतो. शिवाय तिची काच दुपारचे ऊन आत घेते. एकदा आत आलेले ऊन आतल्या पडद्याने अडत नाही. पडदा तापतो आणि खोली तापवतो. लाकडी फळी ते ऊन काचेच्या जागीच, भिंतीच्या रेषेत थोपवते.

लाकडातून उष्णता अॅल्युमिनियमच्या मानाने हजारपटीहूनही कमी वाहते, हे खरे. तरीही लाकडाचे गुणगान करताना तोल ठेवावा. चौकट म्हणजे खिडकीचा लहानसा भाग. खरा फरक पडतो तो खिडकी किती उघडते आणि ऊन कोठे अडते यामुळे.

वृद्धांना उष्णतेचा त्रास अधिक का होतो? वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, त्वचेकडे रक्त नेऊन अंग थंड करण्याची हृदयाची क्षमता घटते. त्यात लघवीच्या गोळ्या आणि मानसिक विकारांवरील काही औषधे भर घालतात. (गोळ्या मनाने बंद करू नयेत; उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावे.) पंखा हा उपाय आहेच, पण त्यालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर गेले असता पंखा अंगाला गारवा देण्याऐवजी उष्णता देऊ शकतो. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेरचा पारा ४० ओलांडतो, हे काही नवल नाही. वृद्ध माणूस अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले, चालताना झोक जाऊ लागला, लघवी कमी झाली तर 'वयामुळे होतंय' असे म्हणून थांबू नये. खोली गार करावी, अंग ओल्या कापडाने पुसावे, वारा घालावा, शुद्धीवर असल्यास घोट घोट पाणी द्यावे आणि विलंब न करता रुग्णालय गाठावे.

उघड्या खिडकीचा आणखी एक लाभ आहे. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांतील ७० खोल्यांची पाहणी करून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारे उघडी ठेवलेल्या खोल्यांतील हवा ताशी साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या, पन्नास वर्षांहून जुन्या इमारतींत तर ४० वेळा, आणि नव्या धाटणीच्या इमारतींत १७ वेळा. क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या आजारांत हा फरक क्षुल्लक नाही. घरात खोकणारा रुग्ण आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा एकत्र राहत असतील तर याचा विचार अवश्य करावा.

आणि नजरेचे काय? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्यांची तुलना करण्यात आली होती. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान, १९८४ साली प्रसिद्ध झालेला. पण अंथरुणावरच्या माणसाची खाट खिडकीतून बाहेरचे दिसेल अशी ठेवायला खर्च काय येतो? दिवसाचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोपही सुधारते. मात्र बंद काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही, हे लक्षात असावे. त्यासाठी लागणारे किरण काच अडवते.

आजींच्या खिडकीकडे येतो. जुन्या बाजारातील एका वयस्क मिस्त्रींना मी ती दाखवायला सांगितले. त्यांनी पेचकसाचे टोक चौकटीत ठिकठिकाणी खुपसून पाहिले. तळाशी, जेथे पावसाचे पाणी साचते, तेथे ते सहज आत गेले. बाकी लाकूड दगडासारखे. "वीतभर कुजलंय. तेवढं कापून नवं सागवान जोडतो, उरलेलं तुमच्या-आमच्या पश्चात टिकेल," ते म्हणाले. जुनी खिडकी मोडीत काढण्यापूर्वी ही परीक्षा प्रत्येकाने करून घ्यावी. पोकळ आवाज, बारीक भोके, मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी किंवा भुंगा आहे असे समजावे. त्यावरील औषध फवारताना आणि नंतर वास जाईपर्यंत वृद्ध, गर्भवती आणि दमेकरी यांना दुसऱ्या घरी ठेवावे.

मिस्त्रींनी सांगितलेली एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. पावसाळ्यात झडप फुगते आणि लागेनाशी होते; मग घरचे लोक तिला रंधा मारून घेतात. उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि त्याच झडपेला बोटभर फट पडते. 'धूळ येते' ही तक्रार बहुधा अशीच जन्मते. म्हणून रंधा मारायचा तो कोरड्या ऋतूत, बिजागऱ्या आणि स्क्रू आधी तपासून. पुष्कळदा झडप फुगलेली नसते, बिजागरी सैल होऊन ती खाली आलेली असते.

डॉक्टर म्हणून माझा सर्वाधिक आग्रह जुन्या रंगाबाबत आहे. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते. घरगुती रंगांत दशलक्ष भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. खिडकीवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. असा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर पसरते, आणि जाळून काढला तर धुरातून पोटात जाते. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठते. रांगत्या नातवंडांच्या मेंदूला ते विशेष घातक. तेव्हा झडपा घराबाहेर न्याव्यात, काचकागद पाण्यात भिजवून घासाव्यात, कामगारांनी चांगला मास्क लावावा आणि खरवड गोळा करून बांधून टाकावी. झाडूने लोटू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

उघड्या झालेल्या सागवानाला मिस्त्रींनी बेलतेल लावले. या तेलाची चिंधी बोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात भिजवावी.

नवे घर बांधणाऱ्यांना किंवा फ्लॅट घेणाऱ्यांना लाकूडच घ्या असे मी सांगणार नाही. चांगले सागवान महाग आहे. बल्लारपूर किंवा दांडेलीचे नाव सांगून सालीलगतचा फिकट, कच्चा भाग विकला जातो. तो लवकर किडतो. गडद गाभ्याचे, नीट वाळवलेले लाकूड घ्यावे. परवडत नसेल तर अॅल्युमिनियम चालेल, पण झडप बाहेर उघडणारी असावी. दिशा आधी पाहावी. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीला वीतभर छज्जाही पुरतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येते आणि छज्ज्याखालून थेट खाटेवर पडते. तेथे बाहेरून फळीची झडप, बांबूची चीक किंवा वाळ्याचा पडदा हवाच. वृद्धांची खोली पश्चिमेची नसेल तर सर्वांत उत्तम. अनेक घरांत केवळ खोल्यांची अदलाबदल पुरेशी असते आणि तिला पैसाही लागत नाही. डासांची जाळी लावावी, डेंग्यूचे डास दिवसा चावतात. मात्र धुळीने बुजलेली जाळी वारा अडवते, ती दर महिन्याला धुवावी.

कडी कोठे बसवावी, याचा विचार सुतार करत नाहीत आणि घरचेही करत नाहीत. वरची कडी लावायला स्टुलावर चढून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. वरच्या झडपांना लांब दांडीचा आकडा करून घ्यावा.

जूनच्या सुरुवातीला आजींची खिडकी परत बसली. तळाच्या जोडाचा रंग वेगळा दिसतो, त्यावर त्यांचा आक्षेप आहे. खालच्या झडपांची कडी त्यांच्या हाताच्या उंचीवर आली आहे. सकाळी आठ वाजता त्या स्वतः झडपा लावतात, संध्याकाळी ऊन उतरले की उघडतात, आणि सुनेला उशीर झाला तर वरच्या आकड्यासाठी हाक मारतात.