गुंज, रुपया आणि काच



एखाद्याची प्रकृति तोळामासा आहे असें आपण सहज म्हणतों. पण तोळा आणि मासा ठरत कशावर, हें क्वचितच मनांत आणतों. आमच्या पिरंगुटाकडे कुंपणांवर गुंजेचा वेल आढळतो. त्याच्या तांबड्या-काळ्या बियांवर आपल्या सराफीचा हिशेब उभा होता: ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. परंतु एक गुंज टपोरी, तर दुसरी पोचट. कोणती घ्यावयाची, हें तराजू धरणाराच्या हातीं.

पेशवाईंत अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये चालत. पोतदारानें त्यांचा कस व वजन पाहावें आणि उण्या नाण्यावर बट्टा कापावा, अशी रीत होती. सारा भरावयास आलेल्या कुणब्याला तो निवाडा मुकाट्यानें मानावा लागे.

हाच पेंच सुमारें हजार वर्षें आधीं अरबांच्या साम्राज्यापुढें उभा होता. खलिफा अब्द अल्-मलिक यानें इ. स. ६९६-९७ मध्यें सुमारें सव्वाचार ग्रॅमांचा सोन्याचा नवा दिनार पाडला. परंतु नाणें हातोहात झिजतें आणि लबाड माणूस त्याची कड कातरतो. म्हणून ईजिप्तमध्यें नाणीं ताडून पाहण्यासाठीं काचेचीं चपटीं वजनें करीत. मोजकी काच वितळवून ती तापलेली असतांनाच तिच्यावर ठसा दाबीत. त्यांत अधिकाऱ्याचें नांव व पुऱ्या दिनाराचें वजन असल्याचा निर्वाळा असे. इ. स. ७०९ ते ७१४ पर्यंत तेथें सुभेदार असलेल्या कुर्रा इब्न शरीक याच्या नांवाचे असे ठसे आजही पाहावयास मिळतात. कांहीं ठशांवर प्रामाणिकपणा ही ईश्वराची आज्ञा आहे, अशा अर्थाचीं अक्षरें आहेत.

पण काचच कां? धातूचें वजन झिजतें, गंजतें. घांसून हलकें केलें तरी चटकन् ओळखूं येत नाहीं. काचेचा टवका उडाला तर तो डोळ्यांना लगेच दिसतो आणि तिच्यांत भर घालूं गेल्यास ठसा मोडतो. चौदाव्या शतकांतील ग्रंथकार अल्-दमीरी यानेंही, या वजनांत वाढ वा घट करतां येत नाहीं, हेंच कारण दिलें आहे.

आपल्याकडे मात्र निराळेंच घडलें. १८३५ सालीं कंपनी सरकारचा एकसारखा रुपया निघाला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यामुळें रुपयाच वजन म्हणून तराजूंत पडूं लागला आणि ८० रुपयेभार म्हणजे एक शेर झाला. सोय मोठी खरी. पण झिजक्या रुपयांनीं तोललेलें धान्य तितकेंच कमी भरे आणि तूट गिऱ्हाइकाच्या पदरीं पडे. ज्याची परीक्षा व्हावयाची, तोच परीक्षक!

१९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आणलीं. आज सराफ तोळा म्हणतो तो बहुधा १० ग्रॅमांचा. तथापि काचेच्या त्या चकत्यांचा धडा जुना झालेला नाहीं. वजन हें तोलल्या जाणाऱ्या वस्तूहून निराळें असावें, त्यावर जबाबदार अधिकाऱ्याची खूण असावी आणि त्यांतील लबाडी अडाण्यालाही दिसावी. म्हणून दुकानांतील वजनावर किंवा तराजूवर सरकारी मुद्रा आहे कीं नाहीं, एवढें पाहण्यास आपण संकोच करूं नये.