शिक्का कोणाचा, जबाबदारी कोणाची?

ऑनलाइन दुकानाच्या पानावर खाली ढालीचं एखादं चिन्ह असतं, ‘शंभर टक्के सुरक्षित’ असं लिहिलेलं. ते पाहिलं की आपण निर्धास्त होऊन पैसे भरतो. आता प्रश्न असा, की हा शिक्का देतं कोण?

सोन्याचं उदाहरण घ्या. दागिन्यावर हॉलमार्कसोबत ६ अक्षरं-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो आणि त्याच्यामागे कायदा उभा असतो. म्हणून त्या शिक्क्याला किंमत आहे. वेबसाइटवरचा शिक्का मात्र नुसतं चित्रही असू शकतो. कुणीही ते उचलून आपल्या पानावर चिकटवावं!

बरं, शिक्का खरा असला तर? अमेरिकेत ट्रस्ट-ई नावाची कंपनी वेबसाइटना गोपनीयतेचा शिक्का देत असे, आणि आम्ही दरवर्षी फेरतपासणी करतो असं सांगत असे. २०१४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला, की २००६ ते २०१३ या काळात १००० पेक्षा जास्त वेळा ही तपासणी झालीच नव्हती. कंपनीने २ लाख डॉलर देण्याचं मान्य करून प्रकरण मिटवलं. यात मेख अशी, की शिक्क्याचे पैसे दुकानदारच भरतो. ज्याला तपासायचं, तोच गिऱ्हाईक!

मग आपण बघायचं काय? आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यानुसार वेबसाइटवर कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असायलाच हवं. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बंगळुरूची असली, तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्कही नाही. दुकानच बनावट निघालं, तर मात्र वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

तेव्हा पैसे भरण्याआधी शिक्क्यावर क्लिक करून बघा. तो देणाऱ्या संस्थेच्या पानावर त्या दुकानाची नोंद दिसली पाहिजे. आणि नाव, पत्ता, अधिकारी यांपैकी काहीच सापडत नसेल, तर उद्या भांडायचं कोणाशी? तिथे खरेदी न केलेलीच बरी.