घटक ६ : हवामान-उद्दिष्टे, ऊर्जासुरक्षा आणि स्पर्धाक्षमता : युरोपचा अनुभव आणि कृष्णा-कोयना खोरे

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला :
• ऊर्जाधोरणाची तीन उद्दिष्टे व त्यांच्यातील ताण स्पष्ट करता येईल.
• युरोपीय संघाच्या अलीकडील धोरणातील वळणे सांगता येतील.
• सातारा व सांगली जिल्ह्यांतील जलविद्युत, उपसा सिंचन, पवनऊर्जा आणि उद्योग यांच्या आधारे या ताणाचे विश्लेषण करता येईल.
• एखाद्या ऊर्जाधोरणाचा भार कोणावर पडतो, हे तपासता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, हवामानबदल रोखण्यासाठी काय करावे, याविषयी तत्त्वतः फारसा मतभेद आढळत नाही. कोळसा, तेल व वायू यांचा वापर कमी करून स्वच्छ ऊर्जेचा वापर वाढवावा, हे बहुतेकांना मान्य असते. मतभेद सुरू होतो तो अंमलबजावणीच्या वेळी. वीज स्वच्छ हवी, ती हवी तेव्हा मिळायला हवी आणि परवडायलाही हवी. या तीन अपेक्षा स्वतंत्रपणे रास्त आहेत. परंतु एकत्र आल्या की त्या एकमेकींना ओढू लागतात.

हा प्रश्न युरोपच्या संदर्भात नेहमी चर्चिला जातो. मात्र तो समजून घेण्यासाठी आपल्याला फार दूर जाण्याची गरज नाही. सह्याद्रीच्या माथ्यापासून जतच्या माळापर्यंत पसरलेल्या सातारा-सांगली पट्ट्यात हे तिन्ही ताण एकाच नदीखोऱ्यात पाहावयास मिळतात.

६.३ तीन उद्दिष्टांचा अर्थ

(अ) हवामान-उद्दिष्ट : ऊर्जानिर्मिती व वापरातून होणारे कार्बन उत्सर्जन ठरलेल्या मुदतीत घटवणे.

(आ) ऊर्जासुरक्षा : पुरेशी ऊर्जा, गरजेच्या वेळी, खंड न पडता आणि बाहेरच्या दबावाविना मिळणे. येथे ‘गरजेच्या वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वर्षभराची एकूण निर्मिती पुरेशी असूनही उन्हाळ्यात किंवा संध्याकाळी वीज अपुरी पडू शकते.

(इ) स्पर्धाक्षमता : ऊर्जेचा दर असा असणे की शेतकरी, कारखानदार व कामगार यांचा माल बाजारात टिकून राहील.

६.४ युरोपचा अनुभव

युरोपीय संघाने डिसेंबर २०१९ मध्ये ‘युरोपीय हरित करार’ जाहीर केला. २०२१ च्या हवामान कायद्याने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन आणि २०३० पर्यंत १९९० च्या तुलनेत किमान ५५ टक्के घट ही उद्दिष्टे बंधनकारक केली. या टप्प्यावर हवामान-उद्दिष्ट अग्रभागी होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. तोपर्यंत संघाच्या वायू-आयातीत रशियाचा वाटा सुमारे चाळीस टक्के होता. वायू महागला, पुरवठा आटला आणि जर्मनीसारख्या देशाला कोळशावरील काही संच तात्पुरते पुन्हा सुरू करावे लागले. मे २०२२ मध्ये आलेल्या योजनेत रशियन इंधनावरील अवलंबन संपवणे आणि नवीकरणीय ऊर्जा वेगाने वाढवणे ही दोन्ही कामे एकत्र जोडली गेली. ऊर्जासुरक्षा आता पुढे आली होती.

तिसरे वळण स्पर्धाक्षमतेचे. सप्टेंबर २०२४ मध्ये मारिओ द्राघी यांनी सादर केलेल्या अहवालाने दाखवून दिले की, युरोपातील उद्योगांना अमेरिकेच्या तुलनेत वीज दोन ते तीन पट महाग पडते. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये उद्योगांना आधार देत उत्सर्जन घटवण्याची नवी योजना मांडण्यात आली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, युरोपने कोणतेही एक उद्दिष्ट सोडून दिलेले नाही. परिस्थितीनुसार त्यांचा अग्रक्रम बदलत गेला आहे. समतोल एकदा साधला की कायमचा टिकतो, असे नाही.

६.५ कोयना : एकाच पाण्याच्या दोन दिशा

आता आपल्या खोऱ्याकडे वळू. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. येथील वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. औष्णिक केंद्राला पूर्ण भारावर येण्यास काही तास लागतात. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो. म्हणून संध्याकाळी राज्याची मागणी एकदम वाढते, तेव्हा कोयनेचा आधार घेतला जातो. स्वच्छता आणि सुरक्षा ही दोन्ही उद्दिष्टे येथे एकत्र साधलेली दिसतात.

परंतु या विजेची एक किंमत आहे. कोयना ही मुळात पूर्ववाहिनी नदी. कराडला ती कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी पुढे सांगलीकडे जाते. मोठी वीजनिर्मिती मात्र पाणी पश्चिमेकडे वळवून, बोगद्यातून पोफळीकडे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडून होते. तेथून ते वाशिष्ठी नदीमार्गे अरबी समुद्राला मिळते. म्हणजे पश्चिमेला गेलेले पाणी कृष्णाकाठच्या शेतीला कायमचे अंतरते. या वळवणुकीवर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पूर्वेकडे सोडलेल्या पाण्यावर धरणाच्या पायथ्याशीही वीज होते. पण त्या केंद्राची क्षमता अवघी ४० मेगावॅट आहे.

पावसाळा कमी झाला की हा पेच उघड होतो. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर कोयनेतून सांगलीसाठी पाणी सोडण्यावरून दोन्ही जिल्ह्यांत वाद झाला. उलट २०१९ व २०२१ मध्ये सांगली शहर व नदीकाठची गावे महापुरात बुडाली, तेव्हा धरण किती भरावे आणि किती रिकामे ठेवावे, हा प्रश्न पुढे आला. वीज व सिंचन यांसाठी धरण भरलेले हवे. पूरनियंत्रणासाठी त्यात जागा शिल्लक हवी. पाऊस जितका लहरी, तितका हा निर्णय कठीण होतो.

धरणामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांचाही येथे विचार करायला हवा. त्यांच्यापैकी अनेकांना पुनर्वसनासाठी अर्धशतकानंतरही आंदोलने करावी लागली. राज्याला मिळालेल्या स्वच्छ विजेचा काही भार त्यांनी उचलला आहे. तो कोणत्याही वीजबिलात दिसत नाही.

६.६ उपसा सिंचन : विजेवर चालणारे पाणी

कृष्णेचे पात्र खोलात आणि दुष्काळी तालुके उंचावर. त्यामुळे खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागांत पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवावे लागते. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या त्यासाठीच्या प्रमुख योजना. त्यांच्यामागे मोठा लोकलढा आहे. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी संघर्ष चळवळ उभी राहिली होती.

आता एक साधे गणित करू. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलण्यासाठी किमान ०.२७ युनिट वीज लागते. पंप व वाहिनीतील घट धरली, तर हा आकडा सुमारे ०.४ युनिटपर्यंत जातो. एक हेक्टर शेताला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे म्हणजे ५ लाख लिटर. ते १०० मीटर उंचीवर नेण्यास सुमारे २०० युनिट लागतील. उंची तिप्पट झाली की विजेचा खर्चही तिप्पट.

दुसरी बाजू पाहा. तेच एक हजार लिटर पाणी पोफळीकडे सोडले, तर सुमारे १.२ युनिट वीज तयार होते. पूर्वेला सोडून ३०० मीटर उचलले, तर जवळपास तितकीच वीज खर्च होते. केवळ विजेचा हिशेब मांडला, तर पाणी पश्चिमेला सोडणेच फायद्याचे ठरेल. पण आटपाडीच्या शेतकऱ्याला हा हिशेब कसा मान्य व्हावा? त्याच्या दृष्टीने ते पाणी म्हणजे डाळिंबाची बाग, जनावरांचा चारा आणि गाव सोडून जावे लागणार नाही याची हमी. एखाद्या साधनाचे मोल कोणत्या एककात मोजावे, हा निर्णय तांत्रिक नसून सामाजिक असतो, तो यामुळेच.

वीजबिल थकल्यामुळे या योजना बंद पडण्याचे प्रसंग अनेकदा आले. पुढे शासनाने बिलाचा ८१ टक्के भार स्वतः उचलून १९ टक्के रक्कम लाभधारकांकडून पाणीपट्टीद्वारे घेण्याचे धोरण स्वीकारले. आता म्हैसाळ योजनेच्या पंपांसाठी सौरऊर्जा वापरण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला असून त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचे कर्ज घेण्यात येत आहे. युरोपचे हवामान-धोरण आणि मिरज-जतचे पाणी यांचा संबंध असा थेट जुळतो. येथे एकाच उपायाने तिन्ही उद्दिष्टांना हातभार लागू शकतो : कोळशाची वीज कमी लागेल, दिवसा पंप चालतील आणि बिलाचा बोजा हलका होईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : एक हेक्टर शेताला ५ सेंटिमीटर पाणी २५० मीटर उंचीवर न्यायचे आहे. १०० मीटरसाठी हजार लिटरमागे ०.४ युनिट धरून लागणारी वीज काढा.

६.७ वारा : वेळेचा प्रश्न

साताऱ्याजवळील ठोसेघर-चाळकेवाडी आणि पाटण तालुक्यातील वनकुसवडे येथील पठारांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. गुंतवणूकदारांना मिळालेल्या करसवलतींचा त्यात मोठा वाटा होता. खाली दुष्काळी गावांत मात्र ‘पवनचक्क्यांमुळे ढग पळून जातात’ असा समज पसरला. तो शास्त्रीय नव्हता. परंतु त्यामागची भावना समजून घ्यायला हवी. जमीन आपली, वारा आपला, लाभ मात्र दूरच्या कोणाचा, अशी ती भावना होती.

तांत्रिक अडचण वेगळी आहे. या पठारांवर वारा सर्वांत जोरात वाहतो तो पावसाळ्यात. त्याच काळात धरणे भरत असतात आणि शेतीपंपांची मागणी कमी असते. उलट मार्च ते मे या काळात पंपांना वीज हवी असते, तेव्हा पावसाळ्यातली ती वीज हाताशी नसते. म्हणून ऊर्जा साठवण्याची सोय हा आता धोरणाचा मुख्य मुद्दा झाला आहे. वीज मुबलक असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि टंचाईच्या वेळी खाली सोडून वीज मिळवायची, या पद्धतीला ‘उदंचन जलविद्युत’ म्हणतात. पाटणच्या डोंगराळ भागात असे प्रकल्प प्रस्तावित आहेत. त्यांच्याबाबतही वने, जमीन व विस्थापन यांचे प्रश्न विचारावे लागतील. कोयनेचा अनुभव ते विसरू देत नाही.

६.८ उद्योग : दर आणि नवी सीमा

किर्लोस्करवाडी येथे १९१० मध्ये उद्योगनगरी वसली. आज पलूस, मिरज, कुपवाड, कराड व सातारा येथील औद्योगिक वसाहतींत ओतकाम व यंत्रनिर्मिती चालते. धातू वितळवणाऱ्या भट्टीसाठी वीज हा कच्च्या मालाइतकाच महत्त्वाचा खर्च असतो. आपल्याकडे शेतीला स्वस्त वीज देण्यासाठी काही भार औद्योगिक ग्राहकांच्या दरात टाकला जातो. त्याला ‘परस्पर-अनुदान’ म्हणतात. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात मोफत वीज मिळते. शेतकऱ्याला दिलासा मिळतो. पण सवलतीची रक्कम शासनाच्या तिजोरीतून किंवा अन्य ग्राहकांकडून यावी लागते.

त्यात युरोपने एक नवी अट घातली आहे. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादी वस्तू युरोपात पाठवताना त्यांच्या निर्मितीतील उत्सर्जनाची माहिती देणे ऑक्टोबर २०२३ पासून आवश्यक झाले. जानेवारी २०२६ पासून आयातदारांवर शुल्काचे दायित्व लागू झाले. तेथील उद्योगांना उत्सर्जनाची किंमत मोजावी लागते, म्हणून बाहेरच्या मालालाही ती लागू व्हावी, असा युरोपचा युक्तिवाद आहे. विकसनशील देशांची हरकत अशी की, ज्यांनी इतिहासात कमी उत्सर्जन केले त्यांच्यावरही यामुळे सारखाच भार पडतो. सर्व प्रकारचे सुटे भाग आज या यादीत नाहीत. तथापि उत्सर्जनाचा हिशेब ठेवणे यापुढे लहान कारखानदारालाही टाळता येईल असे वाटत नाही.

६.९ सारांश

ऊर्जाधोरणाला तीन उद्दिष्टे सांभाळावी लागतात आणि परिस्थितीनुसार त्यांचा अग्रक्रम बदलतो, हे युरोपच्या अनुभवावरून दिसते. कोयनेचे पाणी, उपसा योजना, पवनचक्क्या आणि ओतशाळा यांची उदाहरणे त्यात एक भर घालतात. कोणत्याही धोरणाविषयी आपण सहसा तीन प्रश्न विचारतो : उत्सर्जन घटले का? गरजेच्या वेळी वीज मिळाली का? ती परवडली का? चौथा प्रश्नही तितकाच आवश्यक आहे : ही किंमत कोण भरतो? समतोल साधला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा भार नाहीसा झालेला नसून कोणाकडे तरी सरकलेला असण्याची शक्यता असते. तो कोणाकडे सरकला आणि त्या व्यक्तीला निर्णयात स्थान होते का, हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे.

६.१० स्वयं-अध्ययन प्रश्नाचे उत्तर

प्रश्न १ : ५ लाख लिटर म्हणजे ५०० × १,००० लिटर. २५० मीटरसाठी हजार लिटरमागे १ युनिट. म्हणून एकूण ५०० युनिट.

६.११ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘स्वच्छ ऊर्जा म्हणजे सुरक्षित ऊर्जा असे नाही.’ पवनऊर्जेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. कोयनेच्या पाण्याच्या पूर्व व पश्चिम वापरातील संघर्ष विशद करा.
३. २०१९ ते २०२५ या काळात युरोपीय धोरणाचा अग्रक्रम कसा बदलला, ते सांगा.
४. आपल्या घरचे, शेतीचे किंवा कामाच्या ठिकाणचे एक वीजबिल घ्या. त्यातील आकार व सवलती यांची नोंद करून, सवलतीचा भार कोणावर पडत असावा, याविषयी १५० शब्दांत लिहा.