लिहिणारे पोर घरात असेल तर...

तुर्भे, घणसोली, ऐरोली, नेरूळ. नवी मुंबईतील आपल्या वस्त्यांतून आज घरोघरी शिकलेली पोरे आहेत. त्यांतले एखादे पोर वहीत कथा-कविता लिहू लागते. मग ते रूढींवर प्रश्न विचारते, बापाचा शब्द मोडते, देशाच्या थोरवीची भाषणे ऐकून तोंड फिरविते. आई-बाप घाबरतात. 'पोरगं हातचं गेलं' असे शेजारीपाजारी म्हणतात. अशा प्रत्येक घराने बाबूराव बागूल वाचावेत, असे आम्हांस मनापासून वाटते.

बागूलांचा जन्म १९३० साली नाशिकजवळच्या विहितगावी झाला. ते वाढले मुंबईत, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात. पुढे रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेस गेले, तेव्हा जात लपविल्याशिवाय त्यांना राहायला खोली मिळेना. ती आग घेऊन त्यांनी लेखणी चालविली आणि १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. धर्म, घर आणि देश या तिघांनाही या पुस्तकाने जाब विचारला.

'बोहाडा' या कथेत गावचा दामू महार सवर्णांनी स्वतःसाठी राखलेले देवाचे सोंग नाचविण्याचा हक्क मागतो. संग्रहाच्या नावाच्या कथेत कविता करणारा तरुण परमुलखात नोकरीला जातो. जात विचारली की तो मुंबईकर म्हणून छाती पुढे काढतो. त्याच्या शब्दांना मान मिळतो. पण जात उघडी पडते आणि त्याच्यावर मार पडतो. स्वातंत्र्य मिळालेल्या देशात ही कथा घडते, हे विसरून चालणार नाही.

तिसरी कथा 'विद्रोह'. जयचंद राठोड हा शिकणारा मुलगा. आई-बापांना वाटते, त्याने पिढीजात मैलासफाईचे काम धरावे. तो नकार देतो.

येथे आपण थांबून विचार केला पाहिजे. जयचंदचे आई-बाप दुष्ट आहेत काय? मुळीच नाही. घरात चूल पेटली पाहिजे, एवढेच त्यांना कळते. आपल्या महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला आजही नोकरी मिळते आणि त्या नोकरीवर कितीतरी घरे तगून आहेत. मैला वाहण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, तरी गटारात गुदमरून माणसे मरतातच. बापाच्या हातचा झाडू पोराने घ्यावा, असे जातीनेच ठरवून ठेवले आहे. जयचंदचे खरे भांडण त्या जातीशी आहे. पण जात घरात शिरते ती बापाच्या तोंडून, म्हणून घाव बापावर बसतो.

धर्म, घर आणि देश यांच्याशी एकदम भांडणारा तरुण युरोपातही होऊन गेला. आयर्लंडच्या जेम्स जॉइसची 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन' ही कादंबरी १९१६ साली आली. तिचा नायक स्टीफन डेडालस पाद्री होण्याचे नाकारतो, आईने विनवूनही चर्चचा विधी पाळीत नाही आणि शेवटी लिहिण्यासाठी देश सोडायला निघतो. पण त्याला धर्म बोलावीत होता, देशही आपला म्हणत होता. आपल्या पोरांना देवळाच्या दारातूनच हाकलले. जे आपले कधी झालेच नाही, ते सोडायचे तरी कसे?

याचे उत्तर बाबासाहेबांनी दिले. १९३१ साली मणिभवनात त्यांनी गांधीजींना तोंडावर सुनावले की, आम्हांला मायभूमीच नाही. त्याच बाबासाहेबांनी पुढे या देशाची राज्यघटना घडविली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात जुना धर्म टाकला, तोही एकट्याने नव्हे. लाखो आया-बाप आणि लेकरे त्यांच्या सोबत होती. आपले बंड हे असे आहे. ते घर मागे टाकून जात नाही, घराला बरोबर घेऊन निघते.

म्हणून आई-बापांना आमचे सांगणे आहे. पोराची वही फाडू नका. रात्री जेवण झाल्यावर त्याला ती वाचून दाखवायला सांगा. स्वतः बुद्धांनीही कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असेच शिकविले. ऐरोलीला सेक्टर १५ मध्ये बाबासाहेबांचे स्मारक आहे, तेथे ग्रंथालय आहे. सुटीच्या दिवशी पोराला घेऊन तेथे जा.

आणि लिहिणाऱ्या तरुणांनो, तुम्हीही ध्यानात ठेवा. बापाला नकार जरूर द्या, पण त्याच्या घामाचा हिशेब तुमच्या कथेत आला पाहिजे. ज्या आईला तुमचे लिहिलेले वाचता येत नाही, तिला ते आधी ऐकवा. तिला पटले, तर तुमचे बंड खरे.

जयभीम!