दंतवैद्याच्या खुर्चीतलं पाणी
भांडुपच्या केंद्रात शुद्ध झालेलं पाणी क्लोरिन घेऊन उपनगरांत निघतं, इमारतीच्या टाकीत थांबतं आणि दंतवैद्याच्या खुर्चीतल्या बारीक नळीत रात्रभर पडून राहतं. तिथे क्लोरिन विरतो, नळीला आतून जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. लोक म्हणतात, पाणी तेच! आम्ही तत्त्वज्ञानवाले इथेच अडतो, तेच कसं?

इटलीत २०११ साली ८२ वर्षांच्या बाई अशाच पाण्यातल्या लिजिओनेलाने दगावल्या. अमेरिकेतली मर्यादा मिलिलिटरला ५०० जिवाणूंची. नुसतं पाणी सोडून थर जात नाही; जंतुनाशक फिरवावं लागतं, पाणी तपासावं लागतं. शस्त्रक्रियेला तर निर्जंतुकच हवं. घाटकोपरच्या आमच्या दंतवैद्यांना आम्ही विचारलं, तर ते हसले आणि खुर्चीमागची वेगळी बाटली काढून दाखवली. नळाचं पाणी त्यांनी केव्हाच तोडलं होतं. नळी मात्र तीच, तेव्हा औषध तिलाही लागतंच, म्हणाले.