उशीर झाला तर तेल किती पुरेल?

संध्याकाळी भरलेली पणती मध्यरात्री कशी दिसते, हे दिवाळीत कुणाला सांगायला नको. वात काजळलेली, तळाशी जेमतेम तेल. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातला दहा कुमारींचा दाखला नेमका याच वेळेचा आहे. वराला सामोऱ्या जायला दहाजणी दिवे घेऊन निघतात. पाचजणी सोबत जादा तेल घेतात, पाचजणी घेत नाहीत. वराला उशीर होतो. मध्यरात्री हाक येते तेव्हा पाच दिवे विझू लागलेले असतात. त्या तेल विकत आणायला धावतात. परत येतात तोवर दार लागलेलं असतं.

या दाखल्यावरच्या प्रवचनांत बहुधा ‘जागे राहा’ हेच ठसवलं जातं. पण गोष्टीत डोळा दहाही जणींना लागतो, शहाण्यांनाही! वर वेळेवर आला असता तर दहाजणी आत गेल्या असत्या. म्हणून मला या गोष्टीचा कणा वाटतो तो उशीर.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांची कसोटी या उशिरानंच घेतली. इ. स. ५० च्या सुमारास पौलानं थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहिलं. त्या पत्रव्यवहारात दोन अडचणी दिसतात. प्रभू येण्याआधीच आपली माणसं मरू लागली, त्यांचं काय? आणि काहींनी कामधंदा सोडून दिलेला. दुसऱ्यांना पौलाचं उत्तर रोखठोक आहे: काम करायचं नसेल तर जेवायचंही नाही. अठरा शतकांनी अमेरिकेत तेच पुन्हा घडलं. विल्यम मिलर या शेतकरी प्रवचनकाराच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या आगमनाची तारीखच ठरवली, २२ ऑक्टोबर १८४४. काहींनी पिकं शेतात तशीच उभी ठेवली. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. त्या निराशेतून सावरलेल्यांतून पुढे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला. पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असं मत्तयच्याच चोविसाव्या अध्यायात असताना माणसं गणितं का मांडतात, कोण जाणे.

नव्या करारात टिकून राहण्यासाठी येणारा ग्रीक शब्द ‘हुपोमोने’. मराठीत त्याचं ‘धीर’ किंवा ‘सहनशीलता’ होतं. सहनशीलतेला मुकाट सोसण्याचा वास येतो, तो मला पटत नाही. मूळ शब्दात ओझ्याखाली पाय रोवून उभं राहणं आहे. याकोब आपल्या पत्रात धीर धरायला सांगताना पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचं उदाहरण देतो (तिथला ग्रीक शब्द निराळा आहे), आणि पावसाची वाट पाहणारा शेतकरी हात बांधून बसत नाही, हे आपल्याला निराळं सांगायला नको.

मग तेल म्हणजे काय? ख्रिसोस्तोम म्हणतो, गरिबाला दिलेला हात. ऑगस्टीनच्या मते प्रीती, ल्यूथरच्या मते विश्वास. मला ख्रिसोस्तोम जवळचा वाटतो, कारण याच अध्यायाच्या शेवटी न्यायाचा प्रसंग आहे आणि तिथे विचारणा होते ती भुकेल्याला अन्न दिलं का, परक्याला घरात घेतलं का, याची.

इथे पंडिता रमाबाई आठवतात. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजला. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०५ मध्ये तिथे मोठं आध्यात्मिक जागरण झालं. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत. त्या जागरणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्यापुढचं काम जास्त बोलतं. साध्या बाईमाणसाला वाचता यावं म्हणून सोप्या मराठीत बायबल आणायचं, यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षानुवर्षं भाषांतर चाललं. खिळे जुळवणं, छपाई सदनातल्याच बायका-मुली करत. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये.